मुदतीच्या तापाची मुदत

‘मुदतीचा ताप’ हे दोन शब्द ज्या घरांत एके काळीं उच्चारले जात, त्या घराचा सारा व्यवहार तीन आठवडे थबकून राही. मुदत हा शब्द वस्तुतः सावकाराच्या वहींतला आणि कचेरीच्या दप्तरांतला. कर्ज फेडण्यास मुदत असते, जबाब दाखल करण्यास मुदत असते. परंतु येथें धनकोहि ताप आणि मुदत ठरविणाराहि तोच! सातव्या दिवशीं उतरला नाहीं तर चौदाव्या दिवशीं उतरेल, चौदाव्याला नाहीं तर एकविसाव्याला. आणि एकविसाव्यालाहि उतरला नाहीं, तर पुढें काय हें कोणी बोलून दाखवीत नसे. आजच्या तरुण वाचकांना हा हिशेब ठाऊक नाहीं. ताप आला, रक्त तपासलें, गोळ्या घेतल्या आणि आठपंधरा दिवसांत माणूस कामावर रुजू झाला, एवढाच टायफॉइड त्यांच्या परिचयाचा. या तापाची मुदत कोणीं व कशी हिरावून घेतली, आणि ती त्याला परत मिळण्याचा संभव आज कां उत्पन्न झाला आहे, हें थोडक्यांत सांगावें असा आमचा हेतु आहे.

प्रथम नांवाचाच घोळ पाहूं. मराठींत टायफॉइडला विषमज्वर म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु चरक-सुश्रुतांचा विषमज्वर तो हा नव्हे. आयुर्वेदांतला विषमज्वर म्हणजे काळवेळाचा नियम न पाळणारा, येणारा-जाणारा ताप. एक दिवस सोडून येणारा तो तृतीयक, दोन दिवस सोडून येणारा तो चतुर्थक. हीं लक्षणें आजच्या हिवतापाशीं अधिक जुळतात. टायफॉइडचा ताप विषम तर नाहींच, उलट मोठा शिस्तीचा. जिन्याची एकेक पायरी चढावी तसा तो पहिल्या आठवड्यांत रोज थोडा थोडा चढतो, आणि वर पोंचला कीं तेथेंच ठाण मांडून बसतो. त्याचें मूळ ठाणें आंतड्यांत असल्यामुळें आंत्रज्वर हें नांव त्याला अधिक शोभतें. युरोपांतहि नामकरणाची अशीच गल्लत झाली. पॅरिसच्या पिएर लुई या वैद्यानें १८२९ सालीं त्याला टायफॉइड, म्हणजे ‘टायफससारखा’, असें नांव दिलें. आणि टायफस हा शब्द धूर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला. रोग्याच्या बुद्धीवर धुराचें पटल पसरल्यासारखें होतें, म्हणून हें नांव. वास्तविक टायफस हा उवांपासून पसरणारा अगदीं निराळा रोग. हे दोन ताप वेगळे आहेत, हें १८३७ सालीं फिलाडेल्फियांत गेरहार्ड यानें आणि १८५० च्या सुमारास लंडनमध्यें विल्यम जेन्नर यानें स्पष्ट दाखवून दिलें. (देवीची लस काढणारा जेन्नर तो हा नव्हे.)

आतां रोगाचें स्वरूप. याचा जंतु अन्नाबरोबर किंवा पाण्याबरोबर पोटांत जातो, आंतड्याची भिंत ओलांडतो आणि रक्तांत शिरतो. बहुधा एक ते दोन आठवडे बाहेर कांहींच कळत नाहीं. मग डोकें दुखूं लागतें, अन्नावरची वासना उडते, जिभेवर पांढरा थर बसतो, पोट फुगतें. कोणाला बद्धकोष्ठ होतो, कोणाला ढाळ लागतात. ताप मोठा असून नाडी मात्र त्या मानानें मंद चालते, ही याची एक खूण. गोऱ्या कातडीवर छातीपोटावर गुलाबी ठिपके दिसतात. आपल्याकडे ते सहसा नजरेस पडत नाहींत. खरी कसोटी तिसऱ्या आठवड्यांत लागते. लहान आंतड्याच्या शेवटच्या भागांत क्षतें पडलेलीं असतात. तीं चिघळून रक्तस्राव होतो, किंवा आंतड्याला भोंकच पडतें, आणि बरा होत आलेला म्हणून ज्याच्याकडे घरचीं माणसें आशेनें पाहत असतात तो रोगी घटकेंत हातचा जातो.

अंगावर चालणारें औषध नसल्यामुळें शुश्रूषा हेंच औषध होतें. कपाळावर कोलनवॉटरच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या घड्या, डोक्याशीं बर्फाची पिशवी, उशाशीं तापाचा तक्ता, आणि आहार म्हणजे साळीच्या लाह्यांचें पाणी, मोसंब्याचा रस, फार तर मुगाचें कढण. आंतडें फाटेल या भीतीनें घन अन्न वर्ज्य असे. भुकेनें कासावीस झालेल्या मुलाला भाताचें एक शीत देतांना आईचा हात कांपे. अति उपासानें रोगी खंगतो व त्याचा तोटाच होतो, हें डॉक्टरांना पुढें कळून आलें. परंतु लोकांच्या मनांतली ती भीति पुष्कळ वर्षें गेली नाहीं. त्यांतूनहि ताप एकदां उतरून पुन्हां ‘उलटला’, तर सारी मुदत नव्यानें सुरू! उठलेल्या माणसाचे केस गळून जात, आणि महिना महिना तो भिंतीला धरून चाले. औषधोपचारापूर्वीच्या काळांत दहा रोग्यांपैकीं एक, कधीं दोन, दगावत.

हा ताप येतो कोठून, याचें उत्तर एका खेड्यांत सांपडलें. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यांत नॉर्थ टॉटन म्हणून गांव आहे. विल्यम बड हा तेथलाच, वैद्यांच्या घरांतला. स्वतः विषमज्वरांतून उठलेला. १८३९ च्या जुलईंत त्या गांवांत या तापाची साथ सुरू झाली आणि नोव्हेंबरपर्यंत बडनें ऐंशींहून अधिक रोगी हाताखालून घातले. लंडनसारख्या शहरांत कोण कोणाला भेटला याचा पत्ता लागत नाहीं. खेड्यांत मात्र कोणाच्या घरीं कोण गेला, कोणीं कोणाची विहीर वापरली, हें सर्वांना मुखोद्गत असतें. गांवांत कामासाठीं आलेले दोन लांकूड कापणारे मजूर तापानें पडले व आपल्या गांवीं परत गेले. तेथें हा रोग नव्हता. त्यांतल्या एकाला अंथरुणांत उठवून बसविण्यास ज्या मित्रानें हात लावला, तो थोड्याच दिवसांत त्याच तापानें अंथरुणाला खिळला, आणि पुढें तें गांवहि रोगानें घेरलें गेलें.

त्या काळचे मान्यवर पंडित म्हणत, रोग घाणींतून आपोआप उपजतो. चार्ल्स मर्चिसन हा त्या मताचा मोठा पुरस्कर्ता. बडचा प्रश्न साधा होता. उकिरडे आणि शौचकूप गांवांत वर्षानुवर्षें तसेच कुजत होते. मग बाहेरून रोगी आल्यावरच ताप कां यावा? त्यानें निष्कर्ष काढला कीं, विष रोग्याच्या मलांतून बाहेर पडतें, जमिनींतून विहिरींत झिरपतें आणि पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटांत जातें. म्हणून रोग्याचा मल चुनखडीच्या विरंजक क्षारानें निर्विष केला पाहिजे. हा विचार त्यानें १८७३ सालीं ग्रंथरूपानें मांडला. १८८० च्या आरंभीं तो वारला, आणि त्याच सालीं कार्ल एबर्ट याला हा जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं दिसला. १८८४ सालीं गाफ्की यानें तो प्रयोगशाळेंत वाढवून दाखविला. बडनें ज्याला नुसत्या तर्कानें पकडलें होतें, तो गुन्हेगार चार वर्षांच्या आंत प्रत्यक्ष हजर झाला. आज साल्मोनेला कुळांतला टायफी म्हणून तो ओळखला जातो.

जंतु हातीं आल्यावर लस निघणें ओघानेंच आलें. नेटली येथील लष्करी वैद्यकशाळेंतल्या अल्मरॉथ राइट यानें १८९६ सालीं मारलेल्या जंतूंची लस टोचण्याचा प्रयोग केला. जर्मनींत फायफर व कोले यांनींहि त्याच सालीं तेंच केलें. मुंबईकरांना प्लेगच्या लसीमुळें परिचित झालेले हाफकीन यांनीं पटकीच्या लसीचें जें काम आधीं केलें होतें, तें राइटच्या पुढें होतेंच. प्लेग कमिशनचा सभासद म्हणून राइट हिंदुस्थानांत आला, तेव्हां येथील गोऱ्या फौजेंतल्या सुमारें ४,००० शिपायांना त्यानें ही लस टोचली. छावण्यांतून आंत्रज्वरानें तरुण शिपाई मरत, आणि त्याचें खापर बाजारावर, भिश्त्याच्या पखालीवर व खानसाम्याच्या हातांवर फुटे.

परंतु लस असूनहि न वापरल्यास काय होतें, तें बोअर युद्धानें दाखविलें. १८९९ ते १९०२ या काळांत दक्षिण आफ्रिकेंत ब्रिटिश फौजेचे पन्नास हजारांहून अधिक लोक विषमज्वरानें आजारी पडले व सुमारें आठ हजार मेले. लढाईंत जखमांनीं मेलेल्यांची संख्याहि याहून मोठी नव्हती. लस ऐच्छिक होती आणि थोड्यांनींच ती घेतली होती. ब्लूमफाँटीनच्या इस्पितळांत १९०० सालीं या रोग्यांची सेवा करणाऱ्यांत शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल होता. लस सक्तीची नसणें ही मोठी चूक झाली, असें त्याचें मत बनलें. पहिल्या महायुद्धांत ती चूक सुधारली गेली आणि ब्रिटिश फौजेंत हा रोग मागल्या मानानें नगण्य ठरला.

त्याच सुमारास दुसरी, आणि आमच्या मतें अधिक मोठी, क्रांति नळांतून वाहूं लागली होती. १८९७ सालीं इंग्लंडांतील मेडस्टन येथें साथ आली तेव्हां शहराचें पाणी विरंजक चूर्णानें शुद्ध करण्यांत आलें. १९०५ सालीं लिंकन शहरांत असें शुद्धीकरण अखंड चालू ठेवण्यांत आलें, आणि १९०८ पासून अमेरिकेंत जर्सी सिटीच्या पाण्यांत क्लोरिन नियमानें पडूं लागला. गाळलेलें आणि क्लोरिन घातलेलें पाणी जेथें जेथें गेलें, तेथून मुदतीचा ताप काढता पाय घेऊं लागला. या क्रांतीचा कोणीं पोवाडा गायिला नाहीं. नळाला कोण पोवाडे गाणार?

पाण्याचा बंदोबस्त झाला तरी एक कोडें उरलें होतें. रोगी नसलेल्या घरांतहि ताप अवचित उगवे. रॉबर्ट कॉख यानें १९०२ च्या सुमारास जर्मनींत ट्रिअरच्या परिसरांत शोध करून दाखविलें कीं, धडधाकट दिसणारीं माणसेंहि हा जंतु वाहून नेतात. रोगांतून उठलेल्या शंभरांपैकीं दोनपांच माणसांच्या पित्ताशयांत तो वर्षानुवर्षें घर करून राहतो. आणि या वाहकांची सारी करुण कथा एका स्वयंपाकिणीच्या आयुष्यांत सांठविलेली आहे.

मेरी मॅलन ही आयर्लंडांतून पोटासाठीं न्यूयॉर्कला आलेली बाई. १९०६ च्या उन्हाळ्यांत ऑयस्टर बे येथें एका श्रीमंत पेढीवाल्याच्या बिऱ्हाडीं ती स्वयंपाकाला होती. त्या घरांतल्या अकरांपैकीं सहा जणांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर या अभियंत्याला तपासासाठीं नेमण्यांत आलें. पाणी, दूध, शिंपले, सर्व निर्दोष निघालें. मग त्याचें लक्ष स्वयंपाकिणीकडे गेलें. शिजविलेल्या पदार्थांत जंतु मरतो. परंतु ती कच्चे पीच कापून आइस्क्रीममध्यें घालीत असे, आणि तें त्या घरांत फार आवडीचें होतें. सोपरनें तिच्या मागल्या नोकऱ्यांचा माग काढला. आठांपैकीं सात कुटुंबांत ताप येऊन गेला होता. एकूण रोगी बावीस. मेरीला हें सर्व खोटें वाटलें. आपण कधीं आजारी पडलों नाहीं, मग आपल्यामुळें दुसरे कसे पडतील? १९०७ सालीं डॉक्टर जोसेफिन बेकर पोलिसांना घेऊन आल्या, तेव्हां ती कित्येक तास लपून राहिली होती. शेवटीं तिला उचलून नेऊन नॉर्थ ब्रदर नांवाच्या बेटावरील इस्पितळांत ठेवण्यांत आलें. डॉक्टर बेकर यांचे स्वतःचे वडील याच रोगानें गेलेले होते, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मेरीनें १९०९ सालीं न्यायालयांत दाद मागितली, पण ती फेटाळली गेली. पुन्हां स्वयंपाक न करण्याच्या अटीवर १९१० सालीं तिची सुटका झाली. कपडे धुण्याच्या कामांत पैसा थोडा. तिच्या अंगीं कला होती ती स्वयंपाकाची. १९१५ सालीं न्यूयॉर्कच्या एका प्रसूतिगृहांत पंचवीस जणांना ताप आला व दोघे मेले. मुदपाकखान्यांत नांव बदलून मेरीच काम करीत होती. तिला पुन्हां बेटावर नेलें, आणि १९३८ च्या नोव्हेंबरांत मृत्यूनेंच तेथून सोडविलें. दोन्ही मिळून सव्वीस वर्षांचा तो बंदिवास. त्याच शहरांत पुढें शेंकडों वाहक सांपडले. त्यांतले पुष्कळ नांव नोंदवून, समज देऊन मोकळे सोडण्यांत आले. एकटी, गरीब, परदेशी आणि तापट बाई तेवढी जन्माची कोंडली गेली. तिच्या हातून अपराध घडला नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. दुसऱ्या खेपेस तर तो जाणून घडला. परंतु जिची भाकरी काढून घ्यायची तिला दुसरी पुरेशी भाकरी दिली पाहिजे, हें शहाण्या नगरास सुचूं नये, याचें नवल वाटतें. आपल्या घरच्या स्वयंपाकीणबाईकडे संशयानें पाहण्यापूर्वीं प्रत्येक गृहस्थानें ही गोष्ट आठवावी. तिच्या वस्तींत नळाला दिवसांतून किती वेळ पाणी येतें आणि तिच्या दारावरून कोणतें गटार वाहतें, हा प्रश्न तिच्या हातांच्या स्वच्छतेच्या आधींचा आहे.

तापाची मुदत मोडली ती मात्र १९४८ सालीं. व्हेनेझुएलांतील कॅराकसजवळच्या मातींतल्या एका सूक्ष्म जीवापासून क्लोरॅम्फेनिकॉल हें द्रव्य नुकतेंच मिळालें होतें. स्मॅडेल, वुडवर्ड इत्यादि अमेरिकन वैद्य तें घेऊन मलायांत कुआलालुंपूर येथें एका निराळ्याच, टायफसच्या जातीच्या, तापावर प्रयोग करीत होते. त्या रोग्यांत एक विषमज्वराचा निघाला. आणि बघतां बघतां त्याचा ताप उतरूं लागला! मग मुद्दाम विषमज्वराचे रोगी निवडून औषध देण्यांत आलें, आणि तीनचार दिवसांत ताप उतरतो असें सिद्ध झालें. लुईपासून ज्या दोन तापांच्या नांवांची गुंतागुंत चालत आली होती, त्यांतूनच औषध सांपडावें, हा योगायोग मौजेचा आहे. आपल्याकडे क्लोरोमायसेटिन या नांवानें तें घरोघर माहीत झालें. मृत्यूचें प्रमाण शंभरांत एकावर आलें. क्वचित् कोणाच्या अस्थिमज्जेवर त्याचा घातक परिणाम होई, तरीहि तीस वर्षें त्याचेंच राज्य होतें.

परंतु जंतूलाहि शिकतां येतें. १९७२ सालीं मेक्सिकोंत मोठी साथ आली, आणि त्याच सालीं केरळांत कालिकत येथेंहि क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारा जंतु आढळला. १९९० च्या सुमारास भारतांत जुनीं तिन्ही औषधें एकदम निकामी करणारे वाण पसरले. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलें, त्याचेंहि तेज थोड्याच वर्षांत मंदावलें. मग शिरेंतून देण्याचीं सेफॅलोस्पोरिन जातीचीं औषधें आलीं. २०१६ सालीं सिंधमधील हैदराबादेंत जी साथ उद्भवली, तिच्यांतल्या जंतूवर या सर्वांपैकीं कशाचाहि इलाज चालेना. पोटांत घेण्याच्या औषधांत अझिथ्रोमायसिन तेवढें हातीं उरलें. त्या शहरांतहि तपासाचा माग पिण्याच्या पाण्यांत मिसळणाऱ्या सांडपाण्यापाशींच जाऊन पोंचला. म्हणजे बड यानें जें खेड्याच्या विहिरींत पाहिलें, तेंच पावणेदोनशें वर्षांनीं महानगराच्या नळांत!

या अवस्थेला आपला हातभार थोडाथोडका नाहीं. दोन दिवसांच्या सर्दीतापाला जंतुनाशक गोळ्या मागणें, ताप उतरतांच उरलेल्या गोळ्या फडताळांत टाकणें, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर औषध घेणें, हे आपले नित्याचे प्रकार. विडाल यानें १८९६ सालीं शोधलेली रक्तपरीक्षा आपल्याकडे अजून सर्रास केली जाते. परंतु जेथें हा रोग सदाचाच आहे तेथें एका परीक्षेवरून निर्णय करणें फसवें ठरतें. औषध सुरू करण्यापूर्वीं रक्तांतला जंतु वाढवून पाहणें हा अधिक भरंवशाचा मार्ग, आणि कोणतें औषध त्यावर चालेल हेंहि त्यांतच कळतें.

समाधानाची गोष्ट ही कीं, प्रतिबंधाचें नवें साधन आपल्याच देशांत तयार झालें आहे. जुन्या लसी अगदीं तान्ह्या मुलांना उपयोगी पडत नसत. प्रथिनाशीं जोडलेली नवी लस भारतांत २०१३ सालीं वापरास मोकळी झाली व सहा महिन्यांवरील बालकांनाहि ती चालते. जागतिक आरोग्य संघटनेनें तिची शिफारस केल्यावर २०१८ सालीं नवी मुंबई महानगरपालिकेनें नऊ महिने ते चौदा वर्षें वयाच्या मुलांना ती टोचण्याची मोहीम काढली, आणि पहिल्या टप्प्यांतच एक लाखाहून अधिक मुलांना ती मिळाली. सार्वजनिक खर्चानें या लसीची अशी मोहीम जगांत प्रथम झाली ती येथें, याचा मराठी वाचकांस अभिमान वाटावा. दुसऱ्याच वर्षीं पाकिस्ताननें ती आपल्या राष्ट्रीय लसीकरणांत घेतली. तरीहि २०१९ सालच्या अंदाजाप्रमाणें जगांत वर्षास नव्वद लाख माणसें या तापानें पडलीं आणि एक लाख दहा हजार मेलीं. त्यांतलीं फार मोठ्या संख्येनें आपल्या उपखंडांतलीं.

लस शंभर टक्के संरक्षण देत नाहीं, आणि औषधाचा भरंवसा दिवसेंदिवस कमी होत आहे. उरतात तीं जुनींच पथ्यें. पाणी उकळून प्यावें. शौचानंतर व स्वयंपाकापूर्वीं साबणानें हात धुवावे. उघड्यावरचीं कापलेलीं फळें, बर्फाचा गोळा, कोणत्या पाण्याची आहे हें ठाऊक नसलेली पाणीपुरी यांचा मोह आवरावा. दिलेलें औषध दिलेले दिवस पुरें घ्यावें. आणि याहून मोठें पथ्य नगराचें आहे. पिण्याचा नळ आणि सांडपाण्याचें गटार यांची गांठ पडूं देऊं नये. घरांतलें पथ्य आपण पाळूं शकतों. हें दुसरें पथ्य मात्र सर्वांनीं मिळून, मागणी करून, कर देऊन आणि पाठपुरावा करूनच पाळलें जातें.

आमच्या आज्यांनीं एकवीस एकवीस रात्री उशाशीं बसून काढल्या, कारण त्यांच्या हातीं दुसरें कांहीं नव्हतें. आपल्या हातीं लस आहे, औषध आहे, शुद्ध पाण्याची विद्या आहे. मुदत आतां तापाला नाहीं, आपल्याला मिळालेली आहे; ती संपण्याच्या आंत आपण आपलें काम उरकणार कीं नाहीं, एवढाच प्रश्न.